मामांचा प्रश्न

एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी काही माणसं मराठी विकिपीडियासाठी लिहायला जमत. ग्रंथपाल बाई त्यांच्यात अनुभवानं मोठ्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक सर, कॉलेजात जाणारा एक मुलगा आणि पत्रकारिता शिकणारी एक मुलगी हे नेहमीचे. वाचनालयाचे शिपाई मामा चहा आणून देत आणि कुलूप लावायची वेळ होईपर्यंत बाकावर बसून सगळं ऐकत. मामांचं मूळ गाव सांगलीकडचं, कृष्णेच्या अगदी काठावरचं.

त्या शनिवारी लेख लिहायचा होता नेवादो देल रुईस या ज्वालामुखीवर. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात, अँडीजच्या रांगेत हा सुमारे 5,300 मीटर उंचीचा पर्वत उभा आहे. विषुववृत्त जवळ, तरी माथ्यावर बर्फ. 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री त्याचा उद्रेक झाला आणि सुमारे 23,000 माणसं गेली. त्यांतली बहुतेक आर्मेरो नावाच्या एकाच गावातली होती.

प्रत्येकानं घरून काही ना काही लिहून आणलं होतं. मुलाच्या मजकुरात आगीचे लोळ होते, लाव्ह्याच्या नद्या होत्या आणि वर लावायला एक झगझगीत लाल फोटो होता. बाईंनी फोटोखालची माहिती वाचली. फोटो हवाई बेटांवरचा निघाला.

"पण बाई, ज्वालामुखी म्हटल्यावर लोक हेच बघायला येणार ना?" मुलगा म्हणाला.

"येऊ देत. पण आर्मेरोत लाव्हा पोचलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "तिथली माणसं कशानं गेली ते वाच आधी."

मुलानं वाचलं आणि गप्प झाला. उद्रेक तसा लहानच होता. तापलेली राख आणि वायू माथ्यावरच्या बर्फावरून वेगानं पसरले, बर्फाचा थोडासा भाग वितळला, आणि ते पाणी वाटेतली माती, राख, दगडधोंडे घेत नद्यांच्या घळींतून खाली सुटलं. शिखरापासून जवळपास 50 किलोमीटरवर असलेल्या आर्मेरोत तो चिखलाचा लोंढा अडीच तासांनी, रात्री साडेअकराच्या सुमारास शिरला. शास्त्रज्ञ अशा लोंढ्याला लाहार म्हणतात. मुलानं स्वतःच लाव्ह्याचे परिच्छेद पुसले. लेखात चुकीचं चित्र असण्यापेक्षा चित्र नसलेलं बरं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

सरांचा मजकूर निर्दोष होता, पण लांबलचक. उंचीचे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे मिळतात, त्यावरच त्यांनी एक पान खर्च केलं होतं. शिवाय सह्याद्रीवर दोन परिच्छेद. आपला सह्याद्रीही लाव्ह्याच्या थरांचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा मराठी वाचकाला हा विषय जवळचा वाटेल, असं त्यांचं म्हणणं.

"सर, एक शब्द खोटा नाही यात," बाई म्हणाल्या. "पण हे दख्खनच्या पठारावरच्या लेखात शोभेल. इथे आलेल्या माणसाला रुईस हवा आहे. उंची माहितीचौकटीत एका ओळीत देऊ, संदर्भासकट."

सरांना लागलं. लागणारच, इतकी मेहनत होती. पण त्यांनी मान हलवली.

मुलीच्या मजकुरावर मात्र बराच वेळ गेला. तिनं ओमायरा सांचेझबद्दल लिहिलं होतं. तेरा वर्षांची ही मुलगी आर्मेरोतल्या ढिगाऱ्यात, गळ्यापर्यंत पाण्यात अडकली होती. सुमारे साठ तास ती तग धरून होती, आजूबाजूच्यांशी बोलत होती. तिला बाहेर काढता आलं नाही. फ्रँक फुर्निए या छायाचित्रकारानं काढलेला तिचा फोटो जगभर पोचला आणि त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातल्या सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला. मुलीनं हे सगळं जीव ओतून लिहिलं होतं. ओमायरा शेवटच्या क्षणी मनात काय म्हणाली असेल, आकाशाकडे पाहून तिला काय वाटलं असेल, तेही.

वाचून झाल्यावर कुणी बोललं नाही. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तिच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही गं. तिचं नाव राहील, तिचं वय राहील, तो फोटो आणि त्याला मिळालेला मान राहील. बाकीचं आपलं आहे, तिचं नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इथे बाईंचंच बरोबर वाटतं. मेलेल्या लेकराच्या तोंडी आपली वाक्यं घालणं, ती कितीही मायेनं घातली तरी, योग्य नाही.

एवढं सगळं गाळून लेख आटोपशीर झाला. उंची, ठिकाण, उद्रेकाची तारीख, मृतांचा आकडा, लोंढा कसा झाला, ओमायरा. बाई 'जतन करा'वर बोट नेणार, एवढ्यात बाकावरून मामा बोलले.

"बाई, एक विचारू? त्या गावात आधी कधी असं पाणी आलं होतं का?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"न्हाई, आमच्याकडं घराच्या भिंतीवर खुणा असतात. 2005 ला पाणी कुठवर आलं, 2019 ला कुठवर. नवीन माणूस घर बांधायला आला की त्याला आधी ती खूण दाखवायची. तिथल्या लोकांना कुणी खूण दाखवली नव्हती का?"

कुणाच्याच मजकुरात याचं उत्तर नव्हतं. चौघंही शोधायला बसले. उत्तर शोधायला फार खणावंही लागलं नाही. 1595 साली याच पर्वतावरून असेच लोंढे आले होते आणि 636 माणसं गेली होती. 1845 साली पुन्हा आले, लागुनिया नदीच्या घळीतून बाहेर पडून पसरले आणि सुमारे हजार माणसं गेली. आर्मेरो हे गाव त्याच 1845 च्या वाळलेल्या चिखलावर वसलं होतं. आणखी एक गोष्ट सापडली. 1985 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे उद्रेकाच्या महिनाभर आधी, शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार केला होता आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. तरी त्या संध्याकाळी गावावर राख पडत असताना लोकांना शांत राहा, घरातच थांबा, असं सांगितलं गेलं. हाताशी अडीच तास होते.

सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "मी उंचीवर पानभर लिहिलं," ते म्हणाले, "आणि हे माझ्या पुस्तकातच होतं. तळटीपेत."

"आपण प्रत्येकानं आपल्याला काय ठाऊक आहे, काय आवडतं, ते आणलं," बाई म्हणाल्या. "डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला काय लागेल, हे फक्त मामांनी विचारलं. लेखात काय ठेवायचं ते त्यावरून ठरवू. जे त्याला लागेल आणि जे आपण पुराव्यानं दाखवू शकू, ते राहील."

मग लेख पुन्हा मांडला. 1595 आणि 1845 तळटीपेतून उचलून दुसऱ्याच परिच्छेदात आले, वर्ष, नदी आणि मृतांच्या आकड्यासकट. धोक्याच्या नकाशाला स्वतंत्र परिच्छेद मिळाला. कोणावर ठपका ठेवणारी विशेषणं मुलीनं एकेक करून काढली. तारखा ओळीनं लावल्यावर त्यांची गरजच राहिली नाही. पुढे काय झालं तेही घातलं. या दुर्घटनेनंतर 1986 मध्ये अमेरिकेनं इतर देशांना ज्वालामुखींच्या इशाऱ्यांत मदत करणारं शास्त्रज्ञांचं पथक उभं केलं, आणि 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो फुटण्याआधी हजारो माणसं वेळेवर हलवली गेली, त्या कामात हे पथक होतं.

मामांचं नाव लेखात कुठे नाही. त्यांच्या गावच्या खुणाही नाहीत, कारण त्या कृष्णेच्या आहेत आणि त्यांची जागा वेगळ्या लेखात आहे. तो लेख मुलानं पुढच्या शनिवारी मामांना शेजारी बसवून सुरू केला.

आर्मेरो पुन्हा वसवलं गेलं नाही. रुईस अजून जागा आहे, त्याच्या माथ्यावर अजून बर्फ आहे आणि त्याच्या नद्यांकाठी अजून माणसं राहतात. तुमच्या गावाजवळच्या नदीवर, धरणावर, दरड कोसळणाऱ्या डोंगरावर मराठीत लेख आहे का, ते एकदा उघडून पाहा. मागच्या वेळी काय झालं होतं ते त्यात नसेल, तर जुनं वर्तमानपत्र, गॅझेटियर, सरकारी अहवाल, जो पुरावा मिळेल तो शोधा आणि ती एक ओळ संदर्भासकट लिहा.