बोट थांबतं तिथे

पंखा जरा बंद करूया. व्हरांड्यातलं बोलणंही थांबू द्या.

नोंदवही मिटा. मोबाइलवरचा तक्ता राहू द्या. पेन्सिल खाली ठेवा.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता तिसरीतल्या एका मुलीचं वाचन ऐकायचं आहे, ध्वनिमुद्रित केलेलं. चारच ओळी आहेत. या वेळी फक्त ऐकायचं. लिहायचं काही नाही.

डोळे मिटा. ओळीखालून सरकणारं तिचं बोट मनात आणा. नखात थोडी माती आहे.

‘व... ह... र... त. वहरत.’

बोट थांबतं.

तुमच्या ओठांवर ‘विहिरीत’ आलेलं आहे. येऊ द्या. तिथेच राहू द्या.

वर्गात या जागी आपण शब्द पुरवतो. मायेनेच पुरवतो, चाळीस मुलं असतात, वेळ नसतो. इथे आज वेळ आहे.

थांबा. तिच्याबरोबर थांबा.

‘वहरत पाणी...’

पुन्हा शांतता. मग बोट मागे जातं. ऐकू येतंय का ते मागे जाणं?

‘विहिरीत पाणी.’

तिला कुणी सांगितलेलं नाही. ‘पाणी’ वाचलं आणि मागचा शब्द तिचा तिलाच उमगला.

श्वास घ्या. तेवढाच भाग पुन्हा ऐकूया.

व, ह, र, त. चारही अक्षरं तिला येतात. सुटल्या त्या वेलांट्या.

त्या वेलांटीपाशी जरा रेंगाळूया. ‘वि’ डोळ्यांसमोर आणा. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी उभी असते. डोळ्याला ती आधी भेटते. जिभेवर मात्र ‘व’ आधी येतो, ‘इ’ नंतर. आपल्याला हे आता जाणवतही नाही. त्या बोटाला जाणवतं.

आता पेन्सिल उचला. हळूच.

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी वाचन ऐकता ऐकता नोंद करायची एक रीत शिक्षकांच्या हाती दिली. बरोबर वाचलेल्या शब्दाला बरोबरची खूण. चुकलेला शब्द मूल जसं म्हणालं तसाच वर लिहायचा. स्वतःहून सुधारला, तर त्याची खूण वेगळी. ती वेगळी खूण मला फार मोलाची वाटते.

तर लिहा, ‘वहरत’. तिने म्हटलं तसंच. शेजारी ती वेगळी खूण.

गावात ‘असर’ या शिक्षण-पाहणीचे कार्यकर्ते येतात, २००५ पासून येताहेत. त्यांच्या चाचणीत अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पायऱ्या आहेत. उताऱ्यात तीनपर्यंत चुका चालतात, पण वाचन वाक्यासारखं वाटायला हवं. ‘निपुण भारत’ हे सरकारी अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. पायऱ्या हव्यातच. जिल्ह्याला त्या लागतात. तुम्हाला मात्र उद्या सकाळी ही एक मुलगी भेटणार आहे, आणि ती आज शब्दाच्या मधोमध थांबून मागे वळली आहे.

ते वळणं कानात असू द्या.

आता तिच्या वहीचं हे पान बघा. आज स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक वाक्य आहे.

‘आमच्या वीहीरीत पानी लय हाय.’

दुरुस्त करू नका. फक्त बघा.

‘च्या’ नीट जोडलेला आहे. ‘पानी’ आणि ‘हाय’ घरातून आलेत. घरी जे ऐकते ते ती लिहिते आहे.

आणि वेलांट्या. वाचताना सुटलेल्या वेलांट्या ‘वीहीरीत’मध्ये तीन आहेत, तिन्ही दुसऱ्या.

थांबा. पुन्हा बघा.

दुसरी वेलांटी अक्षरानंतर येते. आधी ‘व’, मग ‘ई’. उच्चाराच्याच क्रमाने. कदाचित मुलीचा हात म्हणूनच या वेलांटीकडे वळला असेल.

हे तसंच लिहून ठेवा, तिच्या नावापुढे. वाचताना वेलांटी सुटते. अर्थावरून मागे येऊन स्वतः सुधारते. लिहिताना वेलांटी देते, दुसरी देते. उद्या पहिल्या वेलांटीचे, तिच्या रोजच्या बोलण्यातले शब्द: दिवा, चिमणी, विळा.

आणि वाक्य पुन्हा एकदा वाचा, या वेळी तिने काय सांगितलंय त्यासाठी. विहीर त्यांची आहे. पाणी भरपूर आहे.

उद्या शब्द घेण्याआधी तिला विचारा, विहीर केवढी खोल आहे गं? आणि ती सांगेस्तोवर थांबा.