शत्रूची रोजनिशी

जपानी सैन्यात रोजनिशी लिहायला बंदी नव्हती. उलट नवीन वर्ष लागलं की सैनिकांच्या हाती कोऱ्या वह्या पडत आणि त्यांनी त्या भराव्यात अशी अपेक्षा असे. अमेरिकी सैनिकाला मात्र आघाडीवर रोजनिशी ठेवायची मनाई होती. वही शत्रूच्या हाती लागली तर तुकडीचा ठावठिकाणा कळायचा. जपानी वरिष्ठांना ही धास्ती नव्हती. आपली लिपी परक्या माणसाला, त्यातही घाईघाईत खरडलेली, वाचता येईल हे त्यांच्या गावीच नव्हतं.

वाचणारे तयार होत होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला 7 डिसेंबर 1941 ला. त्याच्या महिनाभर आधीच सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकी लष्करानं जपानी भाषेची गुप्त शाळा उघडली होती. विद्यार्थी बहुतेक निसेई, म्हणजे अमेरिकेत जन्मलेली जपानी मुलं. फेब्रुवारी 1942 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं गेलं. असे सव्वा लाखाच्या आसपास लोक. शाळेचीही उचलबांगडी होऊन ती मिनेसोटात गेली. आईबाप सरकारच्या कैदेत आणि मुलगा त्याच सरकारसाठी शत्रूची पत्रं वाचतोय! असे सुमारे 6,000 दुभाषे या शाळेतून बाहेर पडले.

नौदलानं वेगळी शाळा काढली. तिथं शिकलेला डोनाल्ड कीन हा न्यूयॉर्कचा पोरगा. 1940 मध्ये त्यानं ‘गेंजी मोनोगातारी’ या जुन्या जपानी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद विकत घेतला, तोही स्वस्तात मिळाला म्हणून, आणि तिथून त्याला जपानीचा नाद लागला. पर्ल हार्बरच्या कचेरीत त्याच्यापुढं जप्त कागदांचे ढीग येत. त्यातल्या वह्यांना वास मारायचा. पानांवर वाळलेलं रक्त असायचं. आधी त्यानं त्या टाळल्या, मग वाचायला घेतल्या. सैनिकाचं जहाज मायदेशी असेतो मजकूर ठरीव, देशभक्तीचा. वही वरिष्ठही चाळत असत ना! शेजारचं जहाज बुडालं, मलेरिया झाला, की भाषा बदलायची. एका वहीत नवीन वर्षाचा दिवस होता. तुकडीत सात जण उरलेले, आणि सणाला खायला तेरा दाणे. सात जणांत तेरा दाणे वाटायचे कसे?

काही वह्यांच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत विनंती असे: ही वही सापडेल त्यानं युद्ध संपल्यावर माझ्या घरी पोचवावी. कीननं अशा वह्या टेबलाच्या खणात दडवल्या. झडती झाली, त्या जप्त झाल्या. ज्यांनी लिहिल्या त्यांची घरं वाट पाहत राहिली असणार.

या वह्यांना एवढं मोल येण्याचं एक कारण म्हणजे जिवंत जपानी हाती लागतच नसे. जानेवारी 1941 मध्ये जपानचा युद्धमंत्री तोजो याच्या नावानं निघालेल्या ‘सेंजिनकुन’ या संहितेत बजावलं होतं की जिवंतपणी कैदेची बेअब्रू ओढवून घेऊ नये. पर्ल हार्बरवर पाच छोट्या पाणबुड्यांतून दहा जण गेले. नऊ मेले आणि ‘युद्धदेव’ झाले. दहावा काझुओ साकामाकी पकडला गेला; त्याचं नाव जपाननं गाळलंच. इवो जिमा बेटावर सुमारे 21,000 जपानी सैनिक होते, लढाई चालू असताना कैद झाले ते 216. यात सगळी करामत संहितेची होती असं मी म्हणणार नाही. हात वर केलेल्यालाही अमेरिकी सैनिक गोळी घालत, हे जपान्यांना ठाऊक होतं. जिवंत कैदी हवेत म्हणून शेवटी वरिष्ठांना आपल्याच सैनिकांपुढं आइस्क्रीम आणि तीन दिवसांच्या रजेचं आमिष धरावं लागलं. मे 1944 च्या ‘लाइफ’ मासिकात एका तरुणीचा फोटो आला होता, समोर टेबलावर प्रियकरानं धाडलेली जपानी सैनिकाची कवटी. जॉन डावर या इतिहासकारानं या परस्परद्वेषावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे; वाचताना दोन्हीकडच्या किळसवाण्या प्रचारचित्रांत फरक करणं अवघड जातं.

गंमत अशी की जो सापडे तो भडाभडा बोले. पकडलं गेल्यावर काय सांगायचं नाही हे जपानी सैनिकाला कुणी शिकवलंच नव्हतं. पकडलं जाणंच मंजूर नव्हतं ना! दुभाष्यानं सिगारेट पुढं करावी, गावाचं नाव विचारावं, की पुढं तोफा कुठं आहेत तेही कळे. शत्रूची ओळख झाली ती अशी. रोजनिशीतला भुकेला माणूस वाचणाऱ्याला आपला वाटू लागे, आणि त्याच वहीतून त्याच्या सोबत्यांचा पत्ता तोफखान्याकडं जाई. कीनला पुढं जपाननं डोक्यावर घेतलं, 2012 मध्ये तो जपानी नागरिकही झाला. पण युद्धात त्याचं काम हेच होतं.

अल्यूशियन बेटांतल्या अट्टूवरची एक वही मला सोडत नाही. ती पॉल नोबुओ तात्सुगुचीची. हा डॉक्टर, ख्रिस्ती, वैद्यकी शिकलेला कॅलिफोर्नियात. मे 1943 मध्ये तो त्या धुक्याच्या, बर्फाच्या बेटावर जपानी जखमींची शुश्रूषा करत होता. 12 मे पासून 29 मे पर्यंतच्या नोंदी आहेत. शेवटच्या दिवशी अखेरच्या चढाईचा हुकूम आला आणि इस्पितळातल्या रुग्णांनी स्वतःला संपवायचं ठरलं. तो बायकोचा निरोप घेतो, मुलींचा घेतो. टोकियोनं या संहाराला ‘ग्योकुसाई’ म्हटलं, म्हणजे रत्नाचे तुकडे होणं. अट्टूवरच्या सुमारे अडीच हजार जपान्यांपैकी तीसदेखील जिवंत पकडले गेले नाहीत.

निसेई दुभाष्यांनी त्या वहीचं भाषांतर केलं. अमेरिकी सैनिकांनी त्याच्या प्रती एकमेकांना दिल्या, नकला करून ठेवल्या. नकलांनकलांत शब्द बदलत गेले. मूळ वही हरवली. मुलींसाठी जपानीत लिहिलेला तो निरोप आज आहे तो इंग्रजीत, आणि तोही एकसारखा नाही.