कुठल्या तारखेपर्यंत मागं जायचं?

डेटाबेस रिस्टोअर करायची वेळ आली की आमच्या कामात पहिला प्रश्न एकच असतो: कुठल्या वेळेपर्यंत? काल रात्री बारापर्यंत, की आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत? हे ठरल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. कारण जी वेळ निवडाल, तिच्यानंतरचं सगळं पुसलं जातं. रिस्टोअर म्हणजे जुनं परत मिळवणं, हे अर्धंच खरं. त्यानंतर जे घडलं त्यावर पाणी सोडणं, हे उरलेलं अर्धं.

हाच शब्द जुन्या गाड्यांच्या दुनियेतही आहे. लष्करानं लिलावात काढलेल्या जीप, जोंगा, शक्तिमान ट्रक लोक विकत घेतात, वर्ष-दोन वर्षं गॅरेजात घालवतात आणि मग इन्स्टाग्रामवर फोटो येतो: ‘फुल्ली रिस्टोअर्ड’. गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी दिसली असेल तशी. पण तो पहिला प्रश्न तिथं सहसा कुणी विचारत नाही. कुठल्या तारखेपर्यंत? आणि त्या तारखेनंतर त्या गाडीत जे घडलं, त्याचं काय?

प्रश्न नुसता पत्र्याचा आणि रंगाचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण या गाड्यांजवळ उभे राहिले की निवृत्त फौजी बोलायला लागतात. घरी वर्षानुवर्षं न काढलेले विषय काढतात. त्यामुळे गाडी कशी रिस्टोअर करावी, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या आठवणीला हात कसा लावावा, आणि तो लावायचा अधिकार आपल्याला आहे का?

आधी गाड्यांची थोडी ओळख. जोंगा हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलंय. निस्सानच्या पेट्रोल नावाच्या जुन्या मॉडेलवर बेतलेली ही गाडी जबलपूरला बनायची. जवळपास चार लिटरचं इंजिन, आणि पेट्रोल पिण्यात कुणाला हार न जाणारं. शक्तिमान ट्रकच्या नावात ‘मॅन’ ही जर्मन कंपनी लपलेली आहे. तिच्या परवान्यावर तो १९५९ पासून भारतात बनायला लागला. युद्धाच्या सिनेमात रणगाडे आणि विमानं दिसतात. पण फौजेतल्या बहुतेकांची नोकरी अशा गाड्यांच्या फळीवर बसून, नाहीतर स्टिअरिंगमागं गेलेली असते. रेशन, टपाल, पाणी, दारूगोळा, जखमी आणि मेलेले, सगळे याच गाड्यांतून गेले.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्रानं अशीच एक जोंगा घेतली. भोसरीतल्या एका गॅरेजात दीड वर्ष तिचं काम चाललं. ती तयार झाली तेव्हा मी मामांना बघायला घेऊन गेलो. मामा फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांना सगळे ‘मेजर’च म्हणतात, तिकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकालाच म्हणतात. मामा शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य एकच होतं, ‘गेलो, आलो.’

गाडी बघून ते पहिल्यांदा म्हणाले, “रंग चुकला.” मित्रानं सांगितलं की खासगी गाडीला लष्करी हिरवा रंग द्यायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून मातकट दिलाय. मामांनी मान हलवली. मग ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले, पाय आत घेतले आणि खाली बघत राहिले. नवा पत्रा, त्यावर नवं रबर, सगळं लख्ख.

“हितं वाळूची पोती असायची,” ते म्हणाले. “सुरुंगासाठी. पाय पोत्यांवर ठेवायचे. गुडघे पार स्टिअरिंगला लागायचे. दोन तास चालवली की कंबर जायची.”

माझ्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत श्रीलंकेबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं. मित्राच्या फोनवर व्हिडिओ चालूच होता. त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, “मामा, मग कधी फुटला का सुरुंग? तुमच्या गाडीखाली?”

मामांनी क्लच दाबून बघितला. “क्लच जड लागतोय. बघून घ्या.”

मित्राचा प्रश्न वाईट नव्हता. आपल्यापैकी कुणीही तोच विचारला असता. सिनेमे, मुलाखती, पॉडकास्ट यांनी आपल्याला शिकवलंय की फौजी माणसाच्या आत एक मोठा प्रसंग असतो आणि चांगला प्रश्न म्हणजे तो बाहेर काढणारा प्रश्न. गाडीनं मात्र असलं काहीच विचारलं नव्हतं. तिनं फक्त एक रिकामी जागा समोर ठेवली. त्या जागेत काय होतं ते सांगायचं की नाही, किती सांगायचं आणि कुठं थांबायचं, हे मामांच्या हातात राहिलं. आपला प्रश्न नेमकी तीच निवड काढून घेतो. ‘सुरुंग फुटला का?’ याला हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत. हो म्हटलं की पुढचे प्रश्न रांगेत उभे असतात. नाही म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. दोन्हींत सांगणाऱ्याला काही ना काही मोजावं लागतं.

परतताना, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना, मामा आपणहून म्हणाले, “एक म्हातारी होती. रस्त्याच्या कडेला घर. आम्ही आलो तेव्हा तिनंच हार घातलेला आमच्या साहेबांना. नंतर आमची गाडी दिसली की उठून पाठ करून उभी राहायची. आत जायची नाही. पाठ करून उभी. रोज.”

मी काही बोललो नाही. तेही पुढं बोलले नाहीत.

या दोन-चार वाक्यांमागचा इतिहास माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. जुलै १९८७ मधल्या भारत-श्रीलंका करारानंतर भारताची शांतिसेना तिकडं गेली. जाफन्यातल्या तमिळ लोकांनी सुरुवातीला तिचं स्वागत केलं. ऑक्टोबरमध्ये ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं आणि ज्यांच्या रक्षणासाठी जातोय असं सांगितलं होतं, त्यांच्याच गल्ल्यांमध्ये लिट्टेशी लढाई पेटली. त्याच महिन्यात जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारले गेले. लष्कराचं सांगणं वेगळं आणि तिथल्या लोकांचं वेगळं. पण ते लोक तो दिवस विसरलेले नाहीत. मार्च १९९० मध्ये सेना परत आली तोवर सुमारे १,२०० भारतीय सैनिकांचा जीव गेला होता. मद्रासला त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. या मोहिमेच्या विजयाचा दिवस नाही, कारण विजय झाला असं कुणी म्हणत नाही.

आता विचार करा, ती म्हातारी कुठल्या रिस्टोअर केलेल्या गाडीत बसवणार? वाळूची पोती एखादा हौशी मालक मुद्दाम आणून ठेवेलही, फोटो छान येतो. पण रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहिलेली बाई हा काही गाडीचा पार्ट नाही. आणि मामांना आठवलं ते हेच. शौर्य नाही, स्फोट नाही, एक पाठ. आम्ही शौर्याचा प्रश्न घेऊन गेलो असतो तर ही आठवण त्यांनी सांगितलीच नसती, कारण ती आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हती.

याची दुसरी बाजूही बघायला हवी. अहिल्यानगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरला, लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. त्याच गावात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा दुरुस्त करून जपलेला आहे. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा हा रणगाडा. जन्म पुण्यातला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात त्यांचा मृत्यू झाला. वय २१. आग लागलेली असताना रणगाडा सोडायला त्यांनी नकार दिला, कारण तोफ अजून चालत होती. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

फामागुस्ता कुठल्या तारखेपर्यंत रिस्टोअर केलाय असं विचारलं तर कुणीही १६ डिसेंबर १९७१ म्हणेल. पण या रणगाड्याच्या गोष्टीत आणखी एक तारीख आहे, जी त्याच्या लोखंडावर कुठंच नाही. २००१ मध्ये अरुण यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, ८१ व्या वर्षी पाकिस्तानात गेले. त्यांना आपलं जन्मगाव सरगोधा बघायचं होतं. लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं, मनापासून पाहुणचार केला. निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं की बसंतरला अरुण यांच्या समोरच्या रणगाड्यात तेच होते आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

त्या रात्री त्या वडिलांच्या मनात काय झालं असेल, याबद्दल मी काही बोलू शकत नाही. पण एक गोष्ट लक्षात येते. नासेर यांना हे सांगायला तीस वर्षं लागली आणि समोर बसलेल्या माणसानं त्यांना ते सांगायला भाग पाडलेलं नव्हतं. ती कबुली मागून मिळाली असती असं मला वाटत नाही. तीस वर्षांपूर्वी जे दोन रणगाडे समोरासमोर होते, त्यांतल्या एकाची आठवण आपल्याकडं अहिल्यानगरला आहे. दुसऱ्यातल्या माणसाची आठवण लाहोरच्या एका घरात होती. एका गाडीच्या आठवणी नेहमी एकाच बाजूला नसतात.

मग गाड्या रिस्टोअरच करू नयेत का? तसं नाही. मोडीत गेलेल्या गाडीजवळ कुणाला काही आठवत नाही, कारण ती उरतच नाही. मुद्दा पुसण्याचा आहे. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात ‘टायगर १३१’ हा जर्मन रणगाडा आहे. १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी तो ताब्यात घेतला. संग्रहालयानं तो पुन्हा चालता केला, रंगवला. पण ब्रिटिश तोफगोळ्यांनी केलेल्या खुणा बुजवल्या नाहीत. कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसाचा टायगर त्यांना नको होता. इंजिन चालू आणि जखम शाबूत, असं दोन्ही एकत्र होऊ शकतं.

माणसांच्या बाबतीतही मला हेच म्हणायचंय. तुम्ही म्हणाल, आपण विचारलंच नाही तर या गोष्टी त्यांच्याबरोबर जातील. बरोबर आहे. न विचारणं म्हणजे दर वेळी आदरच असतो असं नाही. पुष्कळदा ते आपल्या सोयीचं असतं. शांतिसेनेतल्या लोकांना देशानं तीस-पस्तीस वर्षं फारसं काही विचारलं नाही, त्यामागं हळुवारपणा होता असं मला वाटत नाही. तो विषय अडचणीचा होता. त्यामुळे ‘त्यांना बोलायचं नसतं’ हे वाक्य मी जपून वापरतो. कित्येकदा त्यांना बोलायचं असतं. फक्त आपल्याला जे ऐकायचंय तेच बोलायचं नसतं.

म्हणून विचारावं, पण कामाबद्दल विचारावं. पाय कुठं ठेवायचात? जेवण कुठं गरम करायचात? पावसात काच कशी पुसायचात? रात्री दिवे न लावता कशी चालवायचात? सेंच्युरियनमध्ये ब्रिटिशांनी पाणी उकळायचं विजेचं भांडं बसवलं होतं, चहासाठी आतून बाहेर पडावं लागू नये म्हणून. सुमारे ५० टनांच्या लोखंडात बसलेल्या चार माणसांबद्दल त्या भांड्यामुळे जितकं कळतं, तितकं तोफेच्या व्यासावरून कळत नाही. कामाबद्दलच्या प्रश्नात माणूस जाणकार असतो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा नसतो. तिथून पुढं जायचं असेल तर तो स्वतः जाईल.

आणि जे सांगितलं ते कुणाचं, हेही ठरवावं लागतं. मित्रानं तो व्हिडिओ टाकू का म्हणून विचारलं तेव्हा मामा म्हणाले, “गाडीचं टाक. माझं बोलणं ऱ्हाऊ दे.” त्यानं आवाज काढून व्हिडिओ टाकला, त्याला भरपूर लाइक मिळाले. हा लेख लिहायच्या आधी मीही त्यांना विचारलं. “नाव नको, पलटण नको,” ते म्हणाले, “बाकी लिही.” म्हाताऱ्या बाईचंही लिहू का, असं मी पुन्हा विचारलं. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “तिचं तर लिहीच.”

तुमच्या गावात, सोसायटीत, नात्यात असा कुणीतरी ‘मेजर’ असेल. त्यांच्या काळातली गाडी कुठं बघायला मिळाली तर त्यांना घेऊन जा. फोन खिशात असला तरी चालेल. गाडी चकचकीत असेल, तर त्यांना विचारा की यात काय कमी आहे. ते जे सांगतील ते आपल्या आवडत्या गोष्टीत बसेलच असं नाही. कदाचित कुणा पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल असेल, कदाचित फक्त कंबरदुखीबद्दल. तारीख त्यांना निवडू द्या. आणि बोलणं क्लचपाशी थांबलं, तर आपणही क्लचपाशी थांबावं.