कॅन, मे, शुड, मस्ट: एक मनन

इंग्रजीतलं एक छोटं वाक्य समोर घेऊ. आपल्याकडे हॉस्पिटलमधून घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, ते बहुतेक वेळा इंग्रजीतच असतं. हे वाक्य तिथलं आहे असं समजा. 'द पेशंट', मग एक रिकामी जागा, मग 'वॉक'. जागा भरायची घाई करू नका. आधी तो माणूस डोळ्यांपुढे येऊ द्या: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाटेच्या कडेला पाय सोडून बसलाय, एक हात वॉकरवर आहे.

आता रिकाम्या जागी कॅन ठेवा. 'द पेशंट कॅन वॉक.' मनातल्या मनात सावकाश म्हणा आणि नजर कुठे जाते ते बघा. ती त्याच्या पायांकडे जाते. गुडघा वाकतोय, तोल सावरतोय, चालणं त्याला जमतंय. कॅनचं मूळ 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदात आहे, आणि ते आपल्या 'ज्ञा' धातूच्या गोतातलं आहे. म्हणजे हा शब्द मुळात माणसाच्या आतल्या बळाबद्दल बोलतो.

कॅन काढा, मे ठेवा. नजर पायांवरून उठून डॉक्टरांकडे गेली ना? आता पायांत किती बळ आहे हा प्रश्न उरला नाही. डॉक्टरांची हरकत नाही, एवढंच कळलं. चालायचं की पडून राहायचं, ते पेशंटने ठरवायचं. रोजच्या बोलण्यात परवानगीसाठी कॅनही सर्रास चालतो, आणि मे नुसती शक्यताही सांगतो: 'चालेलही कदाचित'. म्हणून कार्डासारख्या कागदावर हे दोन्ही शब्द मला पुरेसे वाटत नाहीत. वाचणाऱ्या घरच्यांना त्यातून दोन अर्थ लागू शकतात, आणि विचारायला डॉक्टर समोर नसतात. तिथे 'इज अलाउड टू' लिहिलेलं बरं.

आता शुड. डॉक्टर थोडे पुढे झुकले. चालणं त्याच्या भल्याचं आहे, असं ते सांगताहेत. नाही चालला तरी नियम मोडत नाही. एक चांगला सल्ला वाया जातो. आणि मग मस्ट. इथे थांबा, एक श्वास घ्या. मस्ट आला की पेशंटच्या हातात ठरवण्यासारखं काही राहत नाही. न चालल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असेल, तर हाच शब्द हवा. तशी भीती नसताना हा शब्द वापरला, तर घाबरलेल्या माणसावर आपण उगाच ओझं टाकलं.

चारही वाक्यांत पेशंट तोच, चालणंही तेच. बदलत गेलं ते एवढंच, की निर्णय कुणाच्या हाती आहे. असं मोडल क्रियापद निवडताना नियमांचा तक्ता आठवण्याआधी हे स्वतःला विचारा.

आता नकाराकडे वळू. इथे जास्त वेळ बसायला हवं. शाळेत आपण शिकलो, मस्ट म्हणजे पाहिजे. मग 'पाहिजे'च्या उलट 'नको', म्हणून मस्ट नॉट म्हणजे नको, असं मन आपोआप जोडून टाकतं. पण 'आज चालायला नको' या मराठी वाक्यात मनाईही मावते आणि सूटही. कुठली, ते आपल्याला बोलणाऱ्याच्या सुरावरून कळतं. इंग्रजीत या दोघांना वेगळी घरं आहेत. 'द पेशंट मस्ट नॉट वॉक': पाऊल टाकलं तर इजा होईल. 'द पेशंट नीड नॉट वॉक': चालला नाही तरी चालेल, चालला तरी हरकत नाही. दोन्ही वाक्यं आळीपाळीने म्हणून बघा. पहिल्यात 'नाही' चालण्याला चिकटलंय, दुसऱ्यात ते सक्तीला चिकटलंय. कार्डावर यांची अदलाबदल झाली, तर एक पेशंट उगाच आठवडाभर पडून राहील आणि दुसरा ताज्या जखमेवर भार देईल.

निर्णय कुणाच्या हाती, हा प्रश्न राज्यघटनेतही आहे. अनुच्छेद 74 बघा. 1950 मध्ये घटना लागू झाली, तेव्हा तिथे एवढंच होतं, की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे का, हे शब्दांत नव्हतं. बंधनकारक आहे असं धरूनच कारभार चाले; तरीही 1960 मध्ये राजेंद्रप्रसादांनी, स्वतः राष्ट्रपती असताना, या प्रश्नाचा अभ्यास व्हावा असं जाहीर भाषणात म्हटलं होतं. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तिथे एक शॅल घातला: राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील. वाट बंद झाली. मग 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने एक मे घातला: सल्ल्याचा फेरविचार करा, असं राष्ट्रपती मंत्रिमंडळाला सांगू शकतात. आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा शॅल: फेरविचारानंतर जो सल्ला येईल, तो मात्र मानायचाच.

दोन शॅलच्या मध्ये बसलेल्या त्या मेकडे जरा निवांत बघा. ऑक्टोबर 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस पंतप्रधान गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने केली. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली, आणि मंत्रिमंडळाने ती पुढे रेटली नाही. नकार देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हताच. होती ती 'पुन्हा विचार करा' म्हणण्याची मुभा, आणि तेवढीही पुरली. मला या एका शब्दाबद्दल फार आदर वाटतो.

आता एक शेवटचं वाक्य, पुन्हा त्या खाटेजवळचं. 'द पेशंट मस्ट बी टायर्ड.' यात हुकूम नाही. 'दमला असणार' असा हा अंदाज आहे. मस्टच्या जागी माइट ठेवा, खात्री पातळ होते. शुड ठेवा, 'एव्हाना दमलेला असायला हवा' असा हिशेब ऐकू येतो. आता सगळी मोडल काढून टाका: 'द पेशंट इज टायर्ड.' यातलं सगळ्यांत ठाम वाक्य कुठलं? मस्ट कितीही करारी वाटला, तरी तो कबूल करतो की बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही. तो बाहेरून तर्क करतोय. साधं 'इज' लिहायला खाटेपर्यंत जावं लागतं, 'दमलात का?' असं विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. ते जमण्यासारखं असेल, तर आधी विचारून या आणि मग लिहा. जमण्यासारखं नसेल, तर मस्ट राहू द्या.