पिशवीतले मोह

मागच्या आषाढात मी मोहाची टोळ, म्हणजे बी, सहा पिशव्यांत लावली. ही बी फार टिकत नाही. झाडाखाली पडली की थोड्याच दिवसांत मातीत जावी लागते. सहातल्या चार उगवल्या. यंदाच्या मृगात रोपं धुऱ्यावर जायला हवी होती. पण आधी पऱ्हे टाकायचे होते, मग रोवणा आला, मग निंदण. उत्तरा नक्षत्र लागलं तरी चारही रोपं अंगणातच.

आता लावावी की पुढच्या मृगापर्यंत थांबावं?

थंड मुलखात बर्फ पडायच्या आत कुंडीतल्या झाडानं जमिनीत मूळ धरावं लागतं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे थंडी झाडाला मारत नाही. मारतो तो वैशाख. पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून आमचा हिशोब हिवाळ्याचा नाही, हिवाळ्यापलीकडचा. आत्ता लावलेलं मूळ उन्हाळ्याआधी ओलीपर्यंत पोचेल काय?

एका वर्षी मी दिवाळीनंतर वीस रोपं लावली होती. धान कापून मोकळा झालो होतो, म्हणून लावली. गावात सांगत फिरलो, "वीस लावली." चैत्रात वीस काड्या उभ्या होत्या. ती वेळ माझ्या सोयीची होती, झाडांच्या नाही. पऱ्ह्यांच्या बाबतीत ही चूक मी कधी केली नाही. तीन-चार आठवड्यांचे झाले की रोवायचेच, नाही तर फुटवे कमी येतात. धानाला विचारतो, झाडाला मात्र कोण विचारतो? धान चार महिन्यांत पोट भरते. मोहाला फुलायला दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

म्हणूनच हा प्रश्न नुसता शेतीचा राहत नाही. फाल्गुन-चैत्रात आम्ही ज्या मोहाखाली पहाटे टोपल्या घेऊन बसतो, तो आमच्यापैकी कोणी लावलेला नाही. उलट फुलं वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पालापाचोळा जाळतो. त्यात कोवळी रोपंही जळतात. उरलेली टोळ तेलासाठी गोळा करून आणतो. मोठी झाडं उभी आहेत, म्हणून खाली काही उगवत नाही हे डोळ्यांत भरत नाही. आमच्या पिढीनं खाल्लं, पण मागे ठेवलं नाही. हे कर्ज आहे.

पण कर्जाची घाई वाईट. साठी उलटल्यावर वाटतं, आपल्या हातून एकदा लागून जावं, मग पुढचं पुढं. हासुद्धा मोहच. आणि थांबणं तरी कुठं निर्दोष आहे? मी एक पिशवी उचलून पाहिली तर उचलेना. मूळ बुडाच्या भोकातून अंगणाच्या मातीत शिरलं होतं. मी विचार करत बसलो होतो, झाड थांबलं नव्हतं.

घरी विचारलं, तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "वैशाखात पानी घालनं होते का तुमच्यानं, ते सांगा पयले. होत असन त लावा."

सगळा निवाडा त्या एका वाक्यात झाला. लावायची वेळ म्हणजे खड्डा खणायचा दिवस नव्हे. त्या दिवसापासून पुढच्या मृगापर्यंत आपण शब्द देतो. तो जेवढ्या झाडांना देता येईल, तेवढीच लावावीत.

मला दोघांचं पाणी झेपेल. दुसऱ्या दिवशी पाऊस येऊन गेला होता. आमची जमीन मोरांड. वरून लवकर वाळते, पण हातभर खाली ओल बरेच दिवस राहते. बोडीच्या पाळीजवळ दोन खड्डे केले. पिशवी कापून काढली, बुडाशी गुंडाळलेलं मूळ धारदार विळ्यानं छाटलं आणि रोपं लावली. उरलेली दोन मोठ्या पिशव्यांत भरून सावलीला ठेवली. त्यांच्या पिशव्या महिन्यातून एकदा उचलून जागा बदलायच्या, म्हणजे मूळ अंगणात घुसणार नाही. ती मृगात जातील. यंदा मृग चुकवायचा नाही, हा त्यांना दिलेला शब्द.

धान कापलं की गावची गुरं मोकळी सुटतात. त्याच्या आत बोरीच्या काट्यांचं कुंपण व्हायला हवं. उद्या सकाळी काटे तोडायला जातो.