‘ठाऊक नाही’ म्हणण्याचा धर्म

ज्याला लोक जाणता समजतात, त्याला ‘ठाऊक नाही’ म्हणणे जड जाते. समोरचा आशेने विचारतो. त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवावे, असे वाटते. पण काही ठिकाणी रिकामा हातच बरा असतो.

श्रावणात सह्याद्रीच्या रानात अळंबीची नोंद करणारी मंडळी हिंडतात. त्यांची रीत पाहण्यासारखी असते. अळंबी मातीत उगवली की कुजक्या लाकडावर, जवळ झाड कोणते, हे आधी लिहायचे. मग देठ तळापासून हलकेच उकरायचा. कारण काही विषारी जातींची खूण, म्हणजे देठाच्या बुडाची वाटी, मातीतच दडलेली असते. टोपी रात्रभर कागदावर ठेवायची. सकाळी झरलेल्या बीजाणूंचा रंग उमटतो. इतके करूनही पुष्कळ नोंदींपुढे लिहावे लागते : ‘ओळख पटली नाही.’

हा आळस नव्हे. पाहण्याचे कष्ट टाळून ‘ठाऊक नाही’ म्हणणे वेगळे आणि सगळे पाहून म्हणणे वेगळे. दुसऱ्या नोंदीवरून उद्या कोणीतरी ओळख पटवू शकतो. वारुळावरची अळंबी वर्षानुवर्षे वेचणारी आजीसुद्धा आपली तेवढीच घेते. दुसरीला हात लावत नाही. आपले जाणणे कुठे संपते, हेही ती जाणते.

‘किड्याने खाल्ली म्हणजे चांगली’, ‘चांदी काळी पडली तर विषारी’ अशा ऐकीव खुणा खोट्या आहेत. काही अळंबींचे विष शिजवूनही जात नाही. त्रास बहुधा ६ ते १२ तासांनी सुरू होतो, पुढे यकृत निकामी होऊ शकते. तोवर ‘खा, काही होत नाही’ म्हणणारा आपल्या घरी निजलेला असतो. भोग खाणाऱ्याचा.

आपल्याकडेही कीर्तन संपल्यावर एखादी माउली पुढे येते. तिचे लेकरू गेलेले असते. ‘महाराज, देवाने असे का केले?’ ती विचारते. ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे उत्तर जिभेवर तयार असते. ते ऐकून ती नमस्कार करून जाते. पण त्या शब्दाचे विष रात्री चढते. आपल्याच पापाने लेकरू गेले, असे ती जन्मभर समजते.

आपल्या संप्रदायात अनुभवाला मान आहे. जे अनुभवले नाही, ते दुसऱ्याच्या पानात वाढू नये. ‘माउली, मला ठाऊक नाही’ असे म्हणावे, तिच्याजवळ बसावे आणि तिच्यासोबत नाम घ्यावे. नामाचा अनुभव तरी आपल्यापाशी आहे, तेवढेच द्यावे.