अनामत

"मावशी, इंग्रजी जरा नीट करून दे ना," म्हणत गेल्या हिवाळ्यात शेजारची मुलगी एक अर्ज घेऊन आली. आम्ही नोएडात समोरासमोरच्या फ्लॅटांत राहतो. तिचे वडील नोकरीनिमित्त नागपूरहून इकडे आले, आणि तिचं मराठी शाळेत जायच्या आधीच अर्धं हिंदी होऊन गेलं. दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला होती, तिथल्या व्हॉलीबॉल संघाची सेटर. अर्ज तीन ओळींचा होता. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या भरतीची चाचणी आहे, त्याच दिवशी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना आहे, तरी मला सामन्यातून मोकळीक मिळावी. इंग्रजी ठीकच होतं. बिनसलं होतं ते वेगळंच.

"सर मला गद्दार म्हणाले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

सरांच्या हातात कागद होता. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि इतर कलागुण यांच्यासाठी मिळून 5 टक्क्यांपर्यंत वाढीव जागा असतात. खेळाच्या जागेवर येणाऱ्या विद्यार्थ्याला, पदवी होईपर्यंत कॉलेजसाठी आणि विद्यापीठासाठी खेळेन, असं हमीपत्र द्यावं लागतं. तिनंही ते दिलं होतं. वय वर्षं अठरा, बाजूला वडील, कुठे सही करायची ते दाखवणारा कारकून. पुढच्या तीन वर्षांची निष्ठा पाच मिनिटांत नोंदली गेली.

माझं पहिलं मत सरळ होतं: चाचणीला जा. सामने येतात-जातात, सरकारी नोकरी पुन्हा चालून येईल असं नाही. पण तिनंच मला अडवलं. केंद्र सरकारच्या खेळाडू-भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र चालतं. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची तर आधी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत डोळ्यांत भरावं लागतं. संघ उपांत्य फेरीत हरला की बाकीच्या मुलींची ती संधी एका सामन्यानं कमी होते. त्यांतल्या दोघी हरियाणातल्या गावांतून आलेल्या. घरी सांगून आलेल्या की खेळातून नोकरी लागेल. "मी नाही गेले तर माझं नुकसान, गेले तर त्यांचं," ती म्हणाली. तिच्या जागी खेळणार होती पहिल्या वर्षाची एक मुलगी, जिनं मोठ्या सामन्यात अजून एकही सेट पूर्ण खेळलेला नव्हता.

आपल्याकडे निष्ठेचा विषय निघाला की कर्ण आठवतोच. नोएडापासून हस्तिनापूर काही तासांच्या वाटेवर, मेरठ जिल्ह्यात. तिथल्या रंगमंडपात कर्ण आपलं कसब दाखवायला उतरला आणि त्याला कूळ विचारलं गेलं. कसब होतं, पात्रता नव्हती. दुर्योधनानं तिथल्या तिथे अंगदेशाचं राज्य देऊन ती पुरवली. ही गोष्ट मी किती वेळा वाचली असेल, पण हा खेळाडूंच्या कोट्यातला प्रवेश आहे हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा लक्षात आलं. बदल्यात दुर्योधनानं फक्त सख्य मागितलं. त्या सख्याला मुदत नव्हती. पुढे कृष्णानं जन्माचं खरं सांगून पांडवांकडे बोलावलं तेव्हा कर्णाला जाता आलं नाही. आपण त्याच्यावर जीव लावतो तो याचमुळे. पण उपकाराची परतफेड म्हणून आयुष्य द्यावं, हे कर्णानं स्वतः ठरवलं तर ते थोर वाटतं. दुर्योधनानं ते बाकी म्हणून मागितलं असतं तर तेच आपल्याला हिशेबी वाटलं असतं. सरांचा तो शब्द मला म्हणूनच खटकला. मागणारा चुकीचा होता.

अर्ज सुधारताना 'लॉयल्टी' या शब्दापाशी मी धंद्याच्या सवयीनं थांबले. लॅटिनमधल्या कायदा या अर्थाच्या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. हमीपत्र त्याला शोभतं. हिंदीतल्या 'वफ़ा'मागे अरबीतला पुरं करण्याचा, पुरतं फेडण्याचा अर्थ आहे. आपल्या 'निष्ठा' शब्दात स्था हा धातू आहे, म्हणजे उभं राहणं, न हलणं. आणि 'इमान' ज्या अरबी धातूतून आलं त्याच धातूतून 'अमानत' आली, जिची मराठीत अक्षरं उलटून 'अनामत' झाली. अनामत म्हणजे दुसऱ्याचं, आपल्याकडे सांभाळायला दिलेलं. ती खर्चायची नसते, तशीच कायमची ठेवूनही घ्यायची नसते. वेळ आली की जशीच्या तशी परत करायची.

व्युत्पत्तीनं नीतीचे प्रश्न सुटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण या शब्दानं प्रश्न बदलला. 'जावं की राहावं' याऐवजी 'माझ्याकडे या मुलींचं काय आहे, आणि ते मी कुणाच्या हाती देऊन जाते' असं विचारता आलं. तिच्या खेळालाही ते जुळतं. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरता येत नाही. ब्लॉकचा अपवाद सोडला तर एकाच खेळाडूला सलग दोनदा मारताही येत नाही. तीन स्पर्शांतला दुसरा बहुधा सेटरचा. गुण दुसऱ्याच कुणाच्या हातून होतो.

शिवाय, सोडून जाणं या खेळात नवं नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या महिला गटात वर्षानुवर्षं अंतिम सामना केरळ आणि रेल्वे यांच्यात होत आला, आणि रेल्वेच्या संघात केरळच्याच कितीतरी मुली असायच्या. ज्या राज्यानं घडवलं त्याच राज्याविरुद्ध त्या खेळत, कारण पगार रेल्वे देत होती. त्यांना गद्दार म्हणायचं तर पगार न देणाऱ्यांना काय म्हणणार?

निष्ठेला दुसरी बाजू असते. खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे पुरत नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, मग कुस्त्यांचे फड लावून, त्यातून पैसे जमवून त्यांनी ते घर सोडवलं, असं सांगतात. कॉलेजनं विद्यार्थ्यावर टाकलेला विश्वास आणि विद्यार्थ्यानं तो फेडणं, दोन्ही यात आहे. हमीपत्र मात्र कुणी लिहून घेतलं नव्हतं.

शेवटी अर्जात दोन वाक्यं वाढली, दोन्ही तिचीच. सामन्याला बारा दिवस होते. तोवर रोज सकाळी एक तास आधी येऊन मी नव्या सेटरला तयार करीन, आणि संघातल्या मुलींना मी स्वतः सांगीन. बारा दिवस, भर धुक्यात, तिची मेट्रो गाठायची धावपळ मी खिडकीतून पाहत होते. सरांनी अर्जावर सही केली, बोलले काही नाहीत.

संघ हरला. चाचणीत तिची निवड झाली नाही. यातल्या कशावरूनही तिचं बरोबर होतं की चूक हे ठरत नाही, आणि तसं ठरवायचा मोह मी टाळते. मला टोचतं ते वेगळंच. आम्ही दोघी त्या संध्याकाळी दोन तास बोललो. संघाचं, सरांचं, घरच्यांचं सगळ्यांचं म्हणणं तोलून पाहिलं. अनामत जिच्या हाती द्यायची होती त्या पहिल्या वर्षाच्या मुलीला ती पेलवेल का, हे तिला विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

हल्ली पहाटे एक तास आधी मैदानावर तीच येते म्हणे. एकटीच.